श्रमिकांची सुट्टी : शहर आणि अरण्य



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. मी सातवीतून शाळा सोडली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नका. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले, मी वेतनकरारावर बोलेन. मी म्हटले, "सहलीवर बोलतो." ते हसले. पण सहल ही चैन आहे की हक्क आहे, हा प्रश्न मला वेतनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती आज आपल्यापुढे सांगायची आहे.

सुट्टी ही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० च्या एप्रिलात मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली; त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी जेवून आडवे होतो, तेव्हा त्या झोपेमागे सहा वर्षांची खटपट आहे हे ध्यानात असावे. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. शेतमजुराच्या पदरात मात्र अशी रजा पडली नाही, हेही या गावात बोलताना विसरता येत नाही.

आता माझी चूक. आमच्या भागातल्या एका सूतगिरणीत करार करताना मालकपक्षाने सुचवले : कामगारांनी रजा घेऊ नये, तिचे पैसे घ्यावेत. आमच्या लोकांना पैशाची नड होती. कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाचे सावकाराचे देणे. मी मान डोलावली. एवढेच नव्हे, तर गेटवर उभा राहून तो विजय म्हणून सांगितला. पेढे वाटले. दोन वर्षांनी रिंग खात्यातले एक काका कचेरीत आले. तीस वर्षे चात्यांच्या घरघरीत काढून त्यांचे कान अधू झालेले. ते म्हणाले, "भाऊ, पैसे त सरले. पन आमची सुट्टी कोठी गेली?" मला उत्तर देता आले नाही. पैसा खर्च होतो तेव्हा निदान त्याच्या बदल्यात वस्तू येते. विकलेला दिवस मात्र कायमचा जातो.

त्या रात्री मी हिशेब मांडला. या काकांनी आयुष्यात पाहिले काय? घर, गिरणी, कारंजाचा बाजार, आणि एकदा पंढरपूर. मग आम्ही चोवीस जणांनी दीड वर्ष थोडे थोडे पैसे साठवले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत चंद्रपूर आणि ताडोबा पाहायचे ठरवले. गिरणीची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, म्हणून जंगलाचा दिवस मंगळवार धरला. चौकशी केली तेव्हा कळले, ताडोबा मंगळवारी बंद असते. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग जंगलानं आपली सुट्टी इकली नाई म्हना!" सगळे हसले. मी हसलो नाही. आम्ही बेत बदलला आणि सगळ्यांनी रीतसर रजा टाकली. कित्येकांच्या नोकरीतला तो रजेचा पहिला अर्ज होता.

पहिला दिवस शहराचा. चंद्रपूर म्हणजे पूर्वीचे चांदा, गोंड राजांची राजधानी. खांडक्या बल्लाळशहाने वसवलेल्या या शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे त्याचे चार दरवाजे. राजा बीरशहाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने त्याची भव्य समाधी बांधवली, महाकालीचे मंदिर उभारले. हा परकोट झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने गिळला होता. २०१७ पासून 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून तो मोकळा केला, आणि आता त्या तटावरून लोकांना हिंडवून इतिहास सांगितला जातो. कुदळफावडे हातात घेतल्यावर इतिहास कसा दिसतो, ते तिथे पाहावे.

दरवाजावर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे : हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह. आम्हांला हिंडवणारा मुलगा त्याचा राजकीय अर्थ समजावू लागला. काकांना ऐकू कमी येत होते; त्यांनी आपलाच अर्थ लावला. "हत्ती म्हंजे आपन, भाऊ. वजन आपलं, अन् वर बसला थो दुसराच!" मी पंचवीस वर्षे व्याख्याने देतो आहे, एवढ्या थोडक्या शब्दांत मला कधी संघटनेचा धडा देता आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहर्लीच्या फाटकातून आत गेलो. ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. तळ्याकाठी तारू नावाच्या गोंड पुढाऱ्याचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो मेला अशी कथा, आणि त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव. पौषात तिथे जत्रा भरते. म्हणजे हे जंगल माणसावाचून राहिलेले नाही. वाघासाठी बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठून बाहेर गेली. आजही त्या जिल्ह्यात मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. आपण वाघ पाहायला पैसे भरतो, आणि काही लोक वाघाच्या शेजाराची किंमत जिवाने भरतात. ही गोष्ट जिप्सीत बसताना मनात असली पाहिजे.

आमच्या गाडीचा मार्गदर्शक जवळच्याच गावचा तरुण होता. पाळीप्रमाणे फेरी मिळते, फेरीप्रमाणे पैसे. पावसाळ्यात गाभा बंद, तेव्हा शेतावर मजुरी. पगमार्क दाखवले, रानगवा दाखवला, तळ्यात मगर दाखवली. एवढ्यात सांबराचा धोक्याचा आवाज आला. गाड्या थांबल्या. काकांना तो आवाज ऐकू आला नाही. त्या मुलाच्या ते ध्यानात आले. त्याने काकांचा हात धरला आणि आवाज उठेल तसतसा तळहातावर बोटाने ठोका देत राहिला. गिरणीने एका माणसाचे काय नेले, हे मी इतकी वर्षे नुकसानभरपाईच्या अर्जांत लिहीत आलो. त्या सकाळी ते प्रथम डोळ्यांनी पाहिले.

पण पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे. झुडपाआड वाघीण असल्याची कुजबुज झाली. आमच्यातलाच एक सभासद, संपात पुढे असणारा, शंभराची नोट काढून म्हणाला, "घे ना गाडी जरा आत, कोण पाहते?" मुलगा म्हणाला, "दादा, गाडी रस्त्याखाली गेली तर माझी पाळी जाते. आणि तिच्याजवळ पिल्लं असतील तर तिलाही सुट्टी पाहिजे की नाही?" आमचा माणूस ओशाळला. मंडळी, जन्मभर आपण मालकाशी भांडतो. पण तिकीट काढून गाडीत बसलो की अर्ध्या तासात आपण स्वतःच मालक होतो! ज्याच्या हाती आपल्या सुखाची दोरी, त्याच्या पोटावर पाय देऊन वाघ पाहण्यापेक्षा न पाहिलेला बरा. वाघीण दिसली नाही. कुणी कुरकुरले नाही.

कुणी विचारील, शहर आणि जंगल दोन्ही कशाला? एक पुरे. मी म्हणतो, एकाने काम अर्धेच होते. शहराचा तट सांगतो की माणसाच्या हाताने केवढे काम होऊ शकते. ते पाहून श्रमिकाची मान ताठ होते. आणि अरण्य सांगते की पृथ्वी केवळ माणसाच्या मालकीची नाही. ते पाहून तीच मान थोडी लवते. दोन्ही हवे.

आणि त्यासाठी चंद्रपूरलाच जायला हवे असेही नाही. आपले तालुक्याचे ठिकाण कारंजा. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जुन्या वेशी, काष्ठासंघ मंदिरातले लाकडी कोरीव काम. तिथल्या जैन भांडारांत जपलेल्या पोथ्यांकडे विद्वानांचे लक्ष गेले आणि पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने १९३१ मध्ये कारंजाच्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्याच कारंजाच्या अंगणात कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे, अठरा चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. म्हणजे शहर आणि रान एका दिवसात! आपल्यातले किती जण तिथे मुद्दाम गेले आहेत? हात वर करू नका. मीही परवापर्यंत गेलो नव्हतो.

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. संघटनांनी, पतसंस्थांनी, महिला मंडळांनी सहलीचा छोटा निधी काढावा आणि त्यात शेतमजुरालाही सामील करावे, कारण त्याला कायद्याने रजा दिलेली नाही. ती शेजाऱ्यांनी द्यावी. गावच्या तरुणांनी कारंजाचा इतिहास आणि सोहोळचे रान नीट शिकून मार्गदर्शक व्हावे, आणि त्यांना आपण योग्य मोबदला द्यावा, उपकार म्हणून नव्हे. आणि तिसरी गोष्ट, जी मी स्वतः मोडली : सुट्टी विकू नका.

काका आता निवृत्त आहेत. मागच्या करारात आम्ही रजेच्या विक्रीला मर्यादा घातली. त्यांना तिचा लाभ मिळाला नाही. पण परवा भेटले तेव्हा त्यांनी माझा तळहात धरला आणि बोटाने त्यावर ठोके दिले. मला तो आवाज बरोबर ऐकू आला.