रुपयाची अंगठी

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. पावरा समाजातल्या बायका ठेवणीतली चांदी अंगावर घालून येतात. त्यात जुन्या रुपयांच्या माळाही दिसतात. नाण्याच्या काठाला कडी डाकायची नि दोऱ्यात ओवायचं, बस्स! ते रुपयेही चांदीचेच. 1835 ते 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली.

माळेत नाणं शाबूत राहतं, अंगठीत त्याचा आकारच बदलतो. आधी बरोबर मध्यावर भोक पाडायचं. भोक केसभर सरकलं, तर अंगठी एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद. मग चकती मंद लाल तापवून पाण्यात बुडवायची. चांदी याने मऊ पडते, लोखंडासारखी कडक होत नाही. नंतर निमुळत्या सळईवर चढवून, फिरवत फिरवत लाकडी हातोडीने हलके ठोके. काठ हळूहळू खाली वळतो, अक्षरं अंगठीवर उभी राहतात. ठोके खाऊन धातू पुन्हा ताठरतो. तेव्हा परत तापवायचं. इथे घाई केली की काठाला चीर गेलीच म्हणून समजा. शेवटी कानस आणि बारीक पॉलिश पेपर.

मात्र खिशातल्या नाण्यावर हा प्रयोग नको. 2011 च्या नाणे कायद्यानुसार चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. हात बसवायला तांब्याची साधी चकती घ्या.