मोटर कुणाची?



आज मला पाण्याच्या पाइपबद्दल बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल, पण त्यात माझी एक चूक आहे आणि ती आधी कबूल करतो.

आमचं घर डोंगरीतल्या एका जुन्या इमारतीत आहे. १९४० च्या आधीची, लाकडी तुळयांची इमारत. खाली दुकानं, वर चार मजले, सगळी पागडीची घरं. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, म्हणून मालक दुरुस्तीला पैसे काढत नाही. भाडेकरू म्हणतात, इमारत पुनर्विकासात जाणारच आहे, आता खर्च कशाला? या वादात लोखंडी पाइप मात्र गंजत राहिले.

पाणी पहाटे काही तासच येतं. चौथ्या मजल्यावर धार अगदी बारीक. दादीला एकेक बादली भरायला तिष्ठत बसावं लागायचं. मी इंजिनिअर! पाइपलाच थेट मोटर बसवली. बादल्या भराभर भरू लागल्या. घरात माझं कौतुक झालं.

महिन्याभरात पहिल्या मजल्यावरच्या भाभींच्या दोन्ही मुलांना जुलाब सुरू झाले. त्यांच्या नळाच्या पाण्याला वास येत होता. प्लंबरचाचांना बोलावलं. ते नळाकडे गेलेच नाहीत, थेट मागच्या घरगल्लीत उतरले. तिथे पाण्याचा पाइप सांडपाण्यातून गेलेला, गंजून भोकं पडलेली. वर पाहत त्यांनी विचारलं, ‘‘मोटर कुणाची?’’

पाइपात दाब असतो तेव्हा भोकातून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की बाहेरची घाण आत शिरू शकते. पाणी बंद असताना हा धोका रोजच असतो. माझी मोटर पाणी ओढून तोच धोका भर पाण्याच्या वेळी निर्माण करत होती. थेट मोटर लावायला पालिकेची बंदी आहे. मुलं माझ्यामुळेच आजारी पडली, हे सिद्ध करता येणार नाही. पण मोटर मी त्याच संध्याकाळी काढली आणि भाभींकडे जाऊन माफी मागितली.

मग जिन्यात बैठक झाली. आम्ही सगळे पुरुषच. ‘‘वास नेमका कधी येतो?’’ चाचांनी विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. दुसऱ्या बैठकीला बायकांना बोलावलं. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या त्याच. पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येतं, मग निवळतं, हे प्रत्येकीला पाठ होतं. चाचा म्हणाले, ‘‘म्हणजे रात्री आत शिरलेली घाण आधी बाहेर पडते.’’ जे शोधायला आम्ही आठवडा घालवला असता, ते त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी वर्गणी काढली, दुकानदारांनीही वाटा दिला. परवानाधारक प्लंबरकडून नवा पाइप गटारापासून दूर, भिंतीवरून नेला. खाली एक सामायिक टाकी, एकच मोटर, गच्चीवर दुसरी टाकी. संडासाच्या बिडाच्या पाइपांचे गळके सांधेही बदलले, कारण ती ओल भिंतीतल्या तुळयांच्या टोकांत मुरते. वरून रंग ठीक दिसतो, आत लाकूड कुजत असतं.

पुनर्विकास होईल तेव्हा होईल. पाणी तर उद्या सकाळीही प्यायचं आहे.

म्हणून येत्या रविवारी एवढंच करा. आपल्या इमारतीचा पाइप रस्त्यापासून घरापर्यंत कुठून येतो, ते स्वतः पाहा. घरातल्या बायकांना पाण्याच्या रंगाबद्दल, वासाबद्दल विचारा. आणि खिडकीतून घरगल्लीत कचरा टाकणं थांबवा. ती साफ करायला कुणीतरी माणूसच उतरतो.