शिमाबारा आणि उन्झेन

जपानच्या क्यूशू बेटावर, आरियाके समुद्राच्या काठी वसलेल्या शिमाबारा नगराचा इतिहास त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या उन्झेन ज्वालामुखीपासून वेगळा काढता येत नाही. सतराव्या शतकात मात्सुकुरा घराण्याने येथे किल्ला बांधला, आणि त्यांच्या अमलात जबर सारा व धर्मच्छळ यांनी गांजलेल्या रयतेने १६३७ साली पुकारलेले बंड शोगुनच्या फौजांनी निर्दयपणे मोडून काढले. परंतु त्याहूनही दारुण प्रसंग २१ मे १७९२ चा. त्या रात्री भूकंपाच्या धक्क्यासरशी नगरालगतच्या मायुयामा डोंगराचा कडा ढासळून समुद्रात गेला आणि त्यातून उसळलेल्या लाटेने समोरच्या हिगो प्रांताचा किनाराही धुऊन नेला. सुमारे १५,००० माणसे प्राणास मुकली. आज किनाऱ्यालगत दिसणारी झाडीने आच्छादलेली चिमुकली बेटे म्हणजे त्याच डोंगराचे अवशेष होत. माझ्या मते मात्र या नगराचे खरे वैभव म्हणजे तेथील झऱ्यांचे निर्मळ पाणी: जुन्या सामुराई वस्तीत रस्त्याच्या मधोमध त्याचा दगडी पाट वाहतो, तर अन्यत्र घरांपुढील पाटांतून रंगीत कार्प मासे पोहत असतात. १९९० साली उन्झेन पुन्हा जागा झाला. ३ जून १९९१ रोजी तप्त राखेच्या लोटाने ४३ जणांचा बळी घेतला. त्या उद्रेकात साचलेला लाव्हाचा घुमट, हेइसेइ शिन्झान, १,४८३ मीटर उंचीचा असून आज तेच उन्झेनचे सर्वोच्च शिखर आहे.