मॅटखालचा गंज

(वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत मिशनच्या जीपचालक बंधूंनी व्यक्त केलेले मनोगत)



मला भाषण येत नाही, गाडी येते. सातपुड्यात धडगावच्या बाजूला मी आपली जीप चालवतो. तिला आता सोळावं वर्ष लागलं आहे. ती तुमच्या दानावर चालते, म्हणून तिचा हिशेब तुम्हाला देणं लागतो. आज त्या हिशेबात माझी एक चूकही सांगायची आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाड्यावरून निरोप आला. पहिलटकरीण होती, कळा सुरू झाल्या होत्या. तिला मागे आडवं केलं, सोबत तिची सासू आणि आशाताई बसल्या. घाटात पाऊस असा की सगळ्या काचा बंद. अर्ध्या वाटेवर आशाताई म्हणाल्या, "दादा, डोकं गरगरतंय. धुराचा वास येतोय." सासूबाईंनी पाय वर घेतले होते, कारण खाली पाणी साचलं होतं. मी काचा चार बोटं उघडल्या. पाऊस आत येऊ लागला, तेव्हा दोघींनी त्या बाईवर प्लास्टिकचा कागद धरला. तसंच आम्ही दवाखान्यात पोहोचलो. पहाटे मुलगी झाली. देवाच्या कृपेने मायलेकी सुखरूप आहेत.

मला मात्र झोप लागली नाही. गाडीत पाणी येतं हे मला दोन पावसाळे माहीत होतं. रोज सकाळी मी ते फडक्याने टिपत होतो. कुबट वास यायला लागला तेव्हा वर नवीन रबरी मॅट टाकली. समितीच्या भावांनी विचारलं, "गाडी कशी आहे?" तर मी म्हणालो, "ठणठणीत." भीती एकच होती, जुनी गाडी विकतील आणि नवी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅट उचलली. खालचं नमदं पिळलं तर धार लागली. रबराखाली ते कधी सुकलंच नव्हतं. त्याखालच्या पत्र्यावर पेचकस टेकवला आणि तो आरपार गेला. तिथेच खाली सायलेन्सरचा जोड सुटलेला, भोवती काजळी. धूर त्याच भोकातून आत येत होता. डिझेलचा जळका वास तरी कळला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद गाडीत तो माणसाचा जीव घेतो.

गॅरेजच्या चाचांनी सांगितलं, "आधी पाण्याची वाट शोध, मग गंजाकडे बघ. नाहीतर नवा पत्राही सडेल." आम्ही सगळ्या जमिनीवर कोरडी वर्तमानपत्रं पसरली. मी आत टॉर्च घेऊन बसलो आणि बाहेरून त्यांनी नळीने पाणी सोडलं. आधी खाली, मग हळूहळू वर. पहिल्यांदाच वर सोडलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. दारांपर्यंत काही झालं नाही. समोरच्या काचेखाली, वायपरजवळ पाणी सोडलं आणि डावीकडचा कागद भिजला.

तिथली जाळी काढली. आत कुजलेली आंब्याची पानं आणि मूठभर माती. मी गाडी रोज आंब्याखाली लावतो ना! पाणी वाहून जायची भोकं बुजली होती, म्हणून ते तुंबून पत्र्याच्या सांध्यातून आत उतरत होतं. मागच्या दारांच्या तळाची भोकंही चिखलाने बंद होती. दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं.

तीन वर्षांपूर्वी खालून काळं डांबरी कोटिंग मारलं होतं. ते गंज न काढताच मारलं होतं. वरून छान दिसत होतं, पण त्यामागे ओल अडकली आणि पत्रा आतून खाल्ला गेला. या वेळी चकाकणारा लोखंडी पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापला आणि नवा तुकडा वेल्डिंगने बसवला. फायबर आणि लांबी भरून झाकणं स्वस्त पडलं असतं, पण त्यात ताकद नसते. सीट बेल्टचे बोल्ट जिथे धरतात तिथला पत्रा हातोडीने ठोकून तपासला. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढली, सीटा आणि नमदं बाहेर ठेवलं, डिझेलची नळी बाजूला केली. मग सांध्यांत सीलर, जस्ताचा प्रायमर, रंग, आणि पोकळ पट्ट्यांत मेण फवारलं. सायलेन्सरचा जोड नवा केला.

या कामाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत दोन आजारी माणसांना बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं. मी पहिल्या पावसाळ्यातच खरं बोललो असतो, तर उन्हाळ्यात एका दिवसात पानं आणि चिखल काढून भागलं असतं.

प्रभूने डोंगरावरील प्रवचनात कसर आणि जंग यांची आठवण दिली आहे. मी ते पुष्कळदा ऐकलं, पण मॅट उचलून पाहिली नाही.

दोन विनंत्या करतो. नव्या गाडीसाठी दान देताना आनंद होतो, दुरुस्तीसाठी देताना तेवढा होत नाही, हे मी समजू शकतो. तरी वार्षिक अंदाजपत्रकात पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी ठेवावी. आणि समितीच्या भावांनी यापुढे मला "गाडी कशी आहे?" एवढंच विचारू नये, मॅट उचलून दाखवायला सांगावं. तुमच्या घरच्या गाडीचीही मे महिन्यात एकदा उचलून पाहा.

ती मुलगी आता बसायला लागली आहे. तिच्यासाठी, पाड्यांवरच्या सर्व आयांसाठी आणि आपल्या जीपसाठी प्रार्थना करत राहा. प्रभू तुम्हास आशीर्वाद देवो.