गिनी कोणाची, नफा कोणाचा?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी डोंबिवलीत झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिरासाठी तुम्ही प्रश्न लिहून पाठवलेत. त्यातल्या बहुतेकांवर सकाळी बोलून झालं. एक मी मुद्दाम दुपारसाठी ठेवला होता. एका गटाने लिहिलंय : आमच्या वस्तीत बायका अडचणीला सोनं मोडतात. त्यात कधीकधी आजीची, सासूची जुनी गिनी असते. सराफ ती वजनावर घेतो. पण काही गिन्या दुर्मिळ असतात आणि संग्राहक त्यांना जास्त पैसे देतात असं कळलं. मग गटाच्या पैशातून आपणच त्या सोन्याच्या भावाने घेऊन पुढे चढ्या भावाने विकल्या तर? नफा गटाचा, म्हणजे बायकांचाच.

हिशोब बिनचूक वाटतो. तरी त्यात शिरण्याआधी ही वस्तू काय आहे ते बघू. कारण आपल्या घरातलं सोनं आपण ओळखतो ते डागाच्या नावाने. नाणं म्हणून त्याच्याकडे बघायची सवय आपल्याला नाही.

आपण जिला गिनी म्हणतो ते बहुतेक वेळा इंग्रजांचं सॉव्हरिन असतं. खरी गिनी इंग्लंडमध्ये १८१४ नंतर पाडली गेली नाही, १८१७ पासून सॉव्हरिन आलं, आपल्याकडे नाव मात्र जुनंच चिकटलं. वजन सुमारे ७.९९ ग्रॅम, सोनं २२ कॅरट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. केरळात सोनं 'पवन'वर मोजतात, तो ८ ग्रॅमचा पवन याच नाण्यावरून आला. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून राक्षसी सर्प मारणारा वीर. आता मुंबईशी संबंध असलेली गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत थोडे महिने चालली. तिथे सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. त्यांच्यावर सालाच्या वर, जमिनीच्या रेषेवर, इंडियाचं 'आय' हे बारीक अक्षर आहे. भिंग घेतल्याशिवाय दिसत नाही. त्याच वर्षी मुंबईत १५ रुपयांची मोहोरही पाडली, वजनाला आणि कसाला सॉव्हरिनसारखीच. इतर सालांच्या गिन्या जगभर ढिगाने आहेत. ही एकाच वर्षाची, आणि बऱ्याच वितळून गेल्या असणार. म्हणून संग्राहक तिच्यामागे.

पुतळीचंही असंच. पुतळ्यांची माळ आपण मराठमोळा दागिना मानतो. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. तिथला शासक संतापुढे गुडघे टेकून बसलेला असतो. आपल्या बायकांनी त्या आकृत्या बघून तिला पुतळी म्हटलं आणि गळ्यात घातलं. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपलं, पुतळ्या मात्र आपले सोनार पाडतच राहिले. त्यामुळे माळेतल्या बहुतेक पुतळ्या इथल्या नकला असतात. सोनं खरं, नाणं खरं नाही.

आता नफा कुठून येतो ते पाहू. हिशोबाला सोपं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव तोळ्याला एक लाख धरा. (तोळा म्हणजे हल्ली सगळे १० ग्रॅम धरतात. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. जुन्या चिठ्ठीवर 'दोन तोळे' लिहिलं असेल तर हे लक्षात ठेवा, तीन ग्रॅमच्या वर फरक पडतो.) गिनीत ७३ हजार २०० रुपयांचं सोनं झालं. सराफाने पाच टक्के घट धरली तर हातात साडेएकोणसत्तर हजार येतात. संग्राहक सोन्याच्या किमतीवर आणखी काही देतो. ते 'आणखी काही' कशाचं? सोन्याचं नाही. ते सालाचं, त्या बारीक अक्षराचं, नाणं न झिजल्याचं. म्हणजे विकणारीला जे माहीत नाही आणि घेणाऱ्याला जे माहीत आहे, त्या फरकाचे ते पैसे आहेत. ती गिनी पदरात बांधून येते तेव्हा मुलाची फी भरायची असते, नाहीतर नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला असतो. १९८२ चा गिरणी संप आठवा. २००९ मध्ये मोहोन्याची एन.आर.सी. बंद पडली ते कल्याणच्या मैत्रिणींना सांगायला नको. अशा वेळी घरातलं पहिलं बाहेर पडतं ते बाईचं सोनं. आपल्याच सभासदाच्या अडचणीतून आणि अजाणतेपणातून गटाने कमवायचं असेल, तर सावकारात आणि आपल्यात फरक काय? नफा 'बायकांचाच' हे खरं, पण ज्या बाईची गिनी, तिचा नाही.

माझं मत असं, की गटाने गिनी विकत घेऊ नये. तिच्या वतीने विकायला मदत करावी. नाणं काय आहे ते तिला आधी सांगायचं, दोन-तीन ठिकाणी भाव काढायचा, पैसे थेट तिच्या खात्यात. गटाने खर्चापुरती ठरलेली रक्कम घ्यावी, ती आधी सांगून आणि वहीत लिहून. तिला तातडीने पैसे हवे असतील आणि गिऱ्हाईक मिळायला महिना लागणार असेल, तर तोवर गटातून कर्ज द्यावं. गट त्यासाठीच तर आहे.

धंदा म्हणून खरेदी-विक्री करण्यात कायद्याचीही अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू ठरते. घरातलं एखादं नाणं विकणं वेगळं. पण त्याचा व्यवसाय करायचा तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ ची गिनी आता शंभरी ओलांडून गेली आहे.

याहून महत्त्वाचं : जी बाई नाणं घेऊन आली, ते तिचं आहे का, आणि ती स्वतःच्या मनाने विकते आहे का? लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर माहेराने, सासरने, मैत्रिणींनी तिला दिलेलं सोनं हे तिचं स्त्रीधन. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवायला दिल्याने ते त्यांचं होत नाही, ते विश्वस्त असतात. परत दिलं नाही तर फौजदारी गुन्हा होतो. एप्रिल २०२४ मध्ये केरळातल्या एका बाईच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं. तिला माहेरहून ८९ पवन सोनं मिळालं होतं. लग्नाच्या रात्रीच नवऱ्याने ते 'सुरक्षित ठेवायला' म्हणून आईकडे दिलं आणि पुढे ते कर्ज फेडण्यात गेलं, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने तिला २५ लाख रुपये द्यायला लावले. स्त्रीधन ही नवराबायकोची सामाईक मालमत्ता नाही. नवऱ्याने अडचणीत वापरलं तर ते परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातही स्त्रीधन हिरावून घेणं हा आर्थिक छळ मानला आहे. म्हणून गटात गिनी आली की भावाआधी हे विचारा, आणि नवरा बाजूला नसताना विचारा. आपले पुरुष शेअरचे भाव तोंडपाठ सांगतात, पण बायकोचं कोणतं, आईचं कोणतं आणि आपलं कोणतं हे मात्र त्यांना कपाट उघडल्यावर अचानक आठवेनासं होतं.

आता विकायचंच ठरलं तर काही साध्या गोष्टी. नाणं घासू नका, चिंचेने नाही, रांगोळीने नाही, सोनाराच्या ॲसिडने तर नाहीच. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाही. गळ्यात घालायला कडी डाखलेली असेल तर दुर्मिळपणाची किंमत जवळजवळ गेलीच. मग ते सोनं म्हणूनच विका आणि कडीचं वजन वेगळं काढून घ्या. कडी स्वतः काढायला जाऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, वजन दोन काट्यांवर करा. जांभळी नाक्यावर एक भाव आणि फडके रोडवर दुसरा, असं होतं. पहिल्या दुकानात 'मोडायचंय' असं म्हणू नका, 'भाव काय?' एवढंच विचारा. नाणेसंग्राहकाचं मत घेतल्याशिवाय आटणीला टाकू देऊ नका. एकदा वितळलं की साल गेलं, अक्षर गेलं.

घरात शिवराई होन आहे म्हणून कोणी आलं तर जपून. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळातला सोन्याचा होन इतका विरळा आहे की संग्रहालयांतही मोजकेच आहेत, आणि नकली मात्र खूप फिरतात. अस्सल म्हणून विकून बसलात तर फसवणुकीचं प्रकरण तुमच्यावर येईल.

पैसे रोखीत मोठे घेऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं कायद्यात बसत नाही. वारशाने आलेल्या सोन्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांहून जुन्या सोन्यावर दर साडेबारा टक्के आहे. फार जुनं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. तेव्हाचा भाव आजच्या मानाने इतका कमी होता की नफा मोठा दिसेल, पण बाईचं एकूण उत्पन्नच करपात्र नसेल तर घाबरण्याचं कारण नसतं. हे लेखापालाला विचारून करा.

विकू की ठेवू, असं विचारणाऱ्याही आहेत. घरात तीन साध्या गिन्या आणि एक १९१८ ची मुंबईची असेल, तर गरजेला साध्या आधी विका. साध्याचं सोनं कुठेही विकलं जातं. दुर्मिळाला योग्य गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो, आणि गरज वेळ देत नाही. पण संग्राहकांची हौस सोन्यासारखी नाही, आज आहे, उद्या दुसऱ्याच सालाच्या मागे जाईल. फक्त नफ्यासाठी म्हणून दुर्मिळ नाणी विकत घेऊन साठवणं मी गटांना सांगणार नाही. बँकांकडून घेतलेली नाणी तर बँक परत घेत नाही, सराफाकडेच जावं लागतं. सोनं तारणावर कर्ज घ्यायचं तर दागिन्यांवर सहज मिळतं, नाण्यांवर मात्र ५० ग्रॅमची मर्यादा आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक काम करून या. घरातल्या सोन्याची यादी करा : डाग कोणता, वजन किती, कोणी दिला, केव्हा दिला, आज कुणाच्या ताब्यात आहे. दोन प्रती करा, एक माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. लॉकर कोणाच्या नावावर आहे तेही लिहा. यादी करताना घरात काय काय बोललं गेलं, तेही सांगा. त्यावर आपल्याला बराच वेळ लागणार आहे.