वाटाड्या आणि वाट

लांबच्या गावी निघालेल्या मनुष्याने वाटेची विचारपूस करीत करीत मुक्काम गाठावा, हा आपल्याकडील जुना परिपाठ. फाट्यावर गाडी थांबावयाची, चहाच्या हॉटेलापुढील बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यास हटकावयाचे, आणि मग उत्तर यावयाचे, “सरळ जावा. म्होरं मारुतीचं देऊळ लागतंय, तिथून डाव्या हाताला वळा. पण नाल्याला पाणी असंल तर जाऊ नका बरं.” या उत्तरात अंतर किती हे कधीच नीट कळत नसे. ‘हे काय, इथंच आहे’ याचा अर्थ एक मैलही होई आणि चार मैलही होई. तथापि त्यातील शेवटचे वाक्य बहुधा फार मोलाचे असे.

आता या म्हाताऱ्याचे काम एका लहानशा यंत्राने पत्करले आहे. मोटारीच्या पुढील काचेस चिकटविता येणारे, तळहाताएवढ्या पडद्याचे हे यंत्र चालकास चित्र दाखविते, गोड आवाजात वळणे सांगते, आणि पोहोचावयास किती मिनिटे लागतील तेही मोजून देते. हल्ली हेच काम खिशातील मोबाईल फोनही करतो. यंत्र निराळे असले तरी विद्या एकच. तिचे नाव ग्लोबल पोझिशनिंग सिस्टीम, म्हणजेच सर्वांच्या तोंडी बसलेले जीपीएस. ही विद्या काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे तिच्यावर विसंबून प्रवास करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे. कारण या दोहोंतील भेद न ओळखल्यामुळे क्वचित प्राणासही मुकावे लागते.

प्रथम या यंत्राची करामत पाहू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह दिवसाकाठी पृथ्वीच्या जवळजवळ दोन प्रदक्षिणा घालतो. ही योजना पुरी होण्यास किमान २४ उपग्रह लागतात. प्रत्येकात एक अत्यंत काटेकोर अणुघड्याळ बसविलेले असते, आणि तो उपग्रह अहोरात्र एवढेच सांगत राहतो की, ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे.’ मोटारीतील यंत्र हे ऐकते. पुष्कळांची अशी समजूत असते की, ते यंत्र वर काही संदेश पाठविते आणि वरून कोणी मोटारीवर नजर ठेवतो. वस्तुतः घरातील रेडिओ जसा केवळ ऐकतो, आकाशवाणीस उलट उत्तर देत नाही, तसाच हा वाटाड्याही केवळ ऐकणारा आहे.

उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने येतो. तो निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा यांतील अंतर मोजले की उपग्रह किती दूर आहे ते कळते. असे तीन उपग्रहांचे अंतर मिळाले की जागा निश्चित व्हावी. परंतु मोटारीतील स्वस्त घड्याळ अणुघड्याळाइतके खरे नसते, म्हणून त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. या हिशेबात वेळेची चूक किती महाग पडते पाहा. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर जागा ३०० मीटरांनी चुकते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे तेवढ्या उंचीवरील आणि तेवढ्या गतीने धावणारे घड्याळ जमिनीवरील घड्याळाच्या मानाने दिवसास सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती आधीच केली नसती तर एकाच दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचली असती. जो सिद्धांत केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय मानला गेला, तोच आज नांदेडच्या मोटारवाल्यास नायगावचे वळण दाखवीत आहे.

ही सोय प्रथम अमेरिकेच्या सैन्यासाठी निर्माण झाली. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सुटला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. त्यात २६९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही विद्या पूर्ण झाल्यावर सामान्य जनांसही मोफत वापरता येईल असे जाहीर केले. तरीही नागरिकांच्या वाट्यास येणाऱ्या संदेशात मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे, आणि त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत हुकत असे. मे २००० च्या आरंभी ही भेसळ बंद झाली आणि मग मोटारीतील वाटाड्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला. दुसऱ्याच्या घड्याळावर सर्वस्वी विसंबून राहू नये, म्हणून भारताने आपली स्वतःची व्यवस्था उभारावयास घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला, २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे समर्पक नाव मिळाले, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात भारतात तयार झालेले अणुघड्याळ बसविलेले होते.

परंतु जागा कळली म्हणजे वाट कळली असे नव्हे. वाटेसाठी नकाशा हवा. या देशाचा नकाशा किती कष्टाने तयार झाला याची साक्ष विदर्भातील हिंगणघाट येथे आहे. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासेजवळ त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्याटेकड्यांवर चढवीत, तापाने माणसे गमावीत, तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादेहून नागपुराकडे जात असता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला, आणि तेथेच त्याचे थडगे आहे. एका आयुष्यात जे पुरे झाले नाही, ते आज बोटाच्या टोकाखाली उलगडते, ही जाणीव ठेवून यंत्राकडे पाहिले म्हणजे त्याची थोरवी आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. नकाशा हा कोणीतरी, कधीतरी, कोठेतरी उभे राहून केलेला असतो. त्यानंतर जे बदलले ते त्यात नसते.

नकाशावरील असंख्य रस्त्यांतून एक कसा निवडावयाचा, याची युक्ती डच गणिती एड्स्गर डाइक्स्ट्रा याने १९५६ मध्ये योजिली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या ठिकाणी कमी खर्चात पोहोचता येते ते आधी नक्की करावयाचे आणि तेथून पुढे पाऊल टाकावयाचे, असे तिचे साधे स्वरूप. यंत्रे आज या युक्तीच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. पण ‘खर्च’ म्हणजे काय, हे यंत्रास मनुष्यानेच सांगावयाचे असते. जवळची वाट मागितली तर ते जवळची देईल, मग ती काळ्या मातीतील पाणंद का असेना.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एखादे कुटुंब लग्नकार्यासाठी नांदेड जिल्ह्यातील नायगावास निघाले आहे अशी कल्पना करावी. घरातील मुलाने यंत्रात ‘नायगाव’ एवढेच नाव घातले. नायगावे महाराष्ट्रात थोडी नाहीत. सावित्रीबाई फुले यांचा ३ जानेवारी १८३१ रोजी जेथे जन्म झाला ते नायगाव सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. मुंबईत दादरजवळ एक नायगाव आहे, आणि वसई तालुक्यात रेल्वेस्थानक असलेले आणखी एक. पुण्याहून निघालेल्या यंत्राने खंडाळ्याकडील जवळचे नायगाव निवडले तर त्यात त्याचा काय अपराध? पूर्वेकडे जावयाचे ते कुटुंब दक्षिणेकडे लागेल, आणि तासाभराने आजोबांच्या ध्यानात येईल की, अद्याप भिगवण कसे आले नाही!

बरे, नाव नीट घातले आणि गाडी लातूरपर्यंत आली, तरी पेच संपत नाही. पुढे अहमदपूर, लोहा करीत नांदेडास जाऊन तेथून देगलूरच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर मागे उतरावे, की मुखेडवरून नरसीस आडवे निघावे, हा प्रश्न उभा राहतो. येथेही नावाचा घोटाळा टपलेला आहेच. नायगावनजीकचे नरसी निराळे आणि हिंगोली जिल्ह्यातील, संत नामदेवांच्या नावाशी जोडलेले नर्सी निराळे. नांदेडच्या एका अंगास हे, तर दुसऱ्या अंगास ते. आपल्या पूर्वजांनी बुद्रुक आणि खुर्द, बाजार आणि वाडी अशी शेपटे गावांच्या नावांस जोडली ती हौस म्हणून नव्हेत. सरकारी दप्तरात या तालुक्याचे नाव ‘नायगाव (खैरगाव)’ असे लिहितात, त्याचेही मर्म हेच. यंत्रात नाव घालताना तालुका, जिल्हा आणि जमल्यास पिनकोड घालावा, आणि यंत्राने सांगितलेले एकंदर अंतर आपल्या अंदाजाशी पडताळून पाहावे. चारशे किलोमीटरांची वाट साठ किलोमीटरांची दिसू लागली की समजावे, गाव चुकले.

गाव चुकले तर पेट्रोल जाते. पण वाटेची स्थिती न कळल्यास काय होते, हे जानेवारी २०२१ मध्ये दिसून आले. पुण्याहून कळसूबाईकडे रात्री निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात शिरली. त्या वाटेवरील पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. त्या भागातील रहिवाशांना हे ठाऊक होते. यंत्राच्या नकाशावर मात्र रस्ता अखंड होता. मोटारीतील दोघे पोहून बाहेर आले, तिसऱ्यास जलसमाधी मिळाली. यंत्राने जागा चुकीची सांगितली नव्हती. रस्ता तेथे होताच. फक्त त्यावर पाणी होते.

मराठवाड्यातील श्रोत्यांस हे विशेष सांगण्याचे कारण असे की, मन्याड, लेंडी आणि मांजरा यांच्या खोऱ्यात बुटके पूल आणि फरशा पुष्कळ आहेत. वरच्या बाजूस पाऊस झाला की खाली कोरड्या आभाळाखालीही पूर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नायगावच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीने काही गावे पाण्याने वेढली गेली आणि अडकलेल्यांच्या सुटकेसाठी लष्करास पाचारण करावे लागले. अशा रात्री वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपले काम बिनचूक करीतच असतात. ‘तीनशे मीटरांवर सरळ जा’ असे यंत्र शांतपणे सांगत असते, कारण पाण्याचा रंग, वेग आणि खोली ही त्याच्या विद्येत बसत नाहीत. तेथे फरशीच्या अलीकडे उभा असलेला, डोक्यावर पोते घेतलेला गुराखीच खरा वाटाड्या होय.

म्हणून यंत्राचा उपयोग कसा करावा, याचे चार नियम सांगता येतील. पहिला, गाव आणि मार्ग घरून निघण्यापूर्वीच ठरवावेत. ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमाप्रमाणे हाती धरावयाचा फोन चालकास केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतो. तेव्हा पडदा पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे आणि चालकाने फक्त ऐकावे. दुसरा, ज्या यंत्रात नकाशा आतच साठविलेला असतो ते मोबाईलची रेंज नसतानाही चालते, हा त्याचा मोठा गुण; परंतु तो नकाशा वेळोवेळी नवा करून घ्यावा. फोन वापरणाऱ्याने त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवावा. तिसरा, यंत्राचे सांगणे रस्त्यावरील दगडांशी ताडून पाहावे. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा आणि हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा. महामार्गावरून जावयाचे असता पिवळे दगड दिसेनासे झाले की चौकशी करावी. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, रात्री, पावसात, किंवा रस्ता एकाएकी अरुंद व निर्मनुष्य झाला असता, यंत्रापेक्षा डोळ्यांवर आणि माणसांवर अधिक विश्वास ठेवावा. परत फिरण्यात कमीपणा नाही.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे असा मुळीच नाही. अपरिचित शहरात एकटीने मोटार चालविणाऱ्या स्त्रीस या यंत्राने केवढे स्वातंत्र्य दिले आहे! जिला काळोखात अनोळखी मनुष्याजवळ काच खाली करून पत्ता विचारणे नकोसे वाटते, तिचा हा विश्वासू सोबती आहे. आडगावी निघालेल्या रुग्णवाहिकेस त्याने वाचविलेली दहा मिनिटे म्हणजे एखाद्याचे आयुष्य असते. या लाभापुढे जुन्या दिवसांचे कौतुक करीत बसणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि एका गोष्टीची जपणूक करावयास हवी. लंडन शहरातील टॅक्सीचालकांना हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूचा अभ्यास करून २००० मध्ये एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, स्थळांची स्मृती ज्या भागात नांदते त्याचा मागील अंश या चालकांत इतरांपेक्षा मोठा असतो. वाटा ध्यानात ठेवणे हाही व्यायाम आहे असे यावरून म्हणावयास हरकत नाही. मागील आसनावर बसलेल्या मुलास नायगावपर्यंतच्या प्रवासात किती नद्या लागल्या, सूर्य कोणत्या बाजूस होता, लातूरनंतर कोणते गाव आले, हे सांगता आले नाही, तर ते मूल पोहोचले खरे, पण गेले नाही. प्रवासास निघण्याच्या आदल्या रात्री जिल्ह्याचा कागदी नकाशा जमिनीवर पसरून मुलांकडून वाट बोटाने काढून घ्यावी. यंत्र बंद पडले तरी ते बोट उपयोगी पडेल.

आणि फाट्यावर चहास थांबल्यावर, वाट ठाऊक असली तरी, बाकावरील म्हाताऱ्यास एकदा अवश्य विचारावे, “बाबा, पुढं नाल्याला पाणी आहे का?”