चेतकचा सातचा नट



रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत एखाद्या मराठी घराच्या पोर्चमध्ये डोकावून पाहा. ताडपत्रीखाली बजाज चेतक उभी असायची शक्यता अजून बरीच आहे. इटलीच्या पियाज्योशी असलेला करार संपल्यावर बजाजने १९७२ साली ही स्कूटर स्वतःच्या नावाने काढली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या माणसांना ती भंगारात देववत नाही. मग कुणा मुलाच्या किंवा जावयाच्या मनात येतं, चला, सुरू करून बघू.

कामाला हात घातला की एक गंमत कळते. मोठं असं काही अडत नाही. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, ब्रेक शू, केबल हे सगळं के. के. रोड, मौदहापारा भागात फिरलं की पिशवीत जमा होतं. गाडी अडते ती चिल्लर तुकड्यापायी. जे सारखं झिजायचं त्याला गिऱ्हाईक कायम राहिलं, म्हणून ते आजही कुणी ना कुणी बनवतं. जे वर्षानुवर्षं बिघडतच नव्हतं, ते दुकानदाराने ठेवायचं कशाला? हँडलचं कुलूप, पुढच्या चाकातला मीटरचा छोटा दातेरी तुकडा, हेडलाइटची रिंग ही सगळी इमानी मंडळी. आज शोधायला लावतात ती हीच.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यामध्ये अर्ध्या चंद्राच्या आकाराची, नखाएवढी लोखंडी चावी बसते. मेस्त्री तिला हाफ-मून म्हणतात. फ्लायव्हीलचा नट सैल राहिला की ती कापली जाते, फ्लायव्हील थोडं सरकतं आणि ठिणगीचं टायमिंग बिघडतं. प्लगला ठिणगी दिसते, पेट्रोल येतं, तरी गाडी चालू होत नाही. किक मारून पाय दुखतो तो वेगळाच. ही चावी मिळाली नाही की कुणी तरी कडक पोलादाचा तुकडा घासून बसवतो. तसं करू नका. फ्लायव्हीलला धरून ठेवतो तो क्रँकचा निमुळता भाग आणि घट्ट नट. चावीचं काम फक्त जागा दाखवायचं. तिच्या जागी कडक पोलाद घातलं आणि पुन्हा नट सैल झाला, तर चावी तशीच राहील आणि खाच फाटेल. मग रुपयांचं काम हजारांवर जातं.

दुसरा छळवादी म्हणजे सातचा नट. हार्डवेअरच्या दुकानात सहा आणि आठ मिलिमीटरचे नटबोल्ट किलोवर मिळतात. चेतकच्या इंजिनाला मात्र ठिकठिकाणी सात मिलिमीटरचे स्टड आहेत, त्यांना पाना लागतो अकराचा. ही पियाज्योच्या व्हेस्पाकडून आलेली वारसा हक्काची देणगी. दुकानदार नट हातात घेतो, सहाच्या बोल्टवर फिरवतो, मग आठच्या, आणि परत करतो. घाईतला मेस्त्री म्हणतो, भोक वाढवून आठचे आटे पाडून देतो. नको म्हणा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये एकदा वाढवलेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

आणखी एक सांगतो, दुकानात गेल्यावर गाडीचं नाव आधी घेऊ नका. २०२० पासून चेतक नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर आहे. काउंटरवरचा पोरगा ‘बॅटरीवाली?’ असं विचारतो आणि तुम्ही दोघंही गोंधळता. तुकड्याची स्वतःची ओळख सांगा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. मग ती स्कूटरची असो की कूलरच्या पंपाची. ती बेअरिंगच्या दुकानात मिळते. नंबरामागे सी-३ असेल तर तेही लिहून न्या, कारण अशा बेअरिंगमध्ये गरम झाल्यावर फुगायला जास्त मोकळीक ठेवलेली असते. ऑइल सीलवरही बहुधा तीन आकडे असतात: आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. पुसले गेले असतील तर कॅलिपर लावा.

सीलवरून आठवलं. रबराच्या बाबतीत जुना पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ माल पाहून हुरळू नका. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पत्र्याच्या गोदामात वीस वर्षं पडलेलं रबर कडक होतं. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या पद्धतीच्या रबराला ते सोसत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरचं तेल ओढतं आणि गल्लीभर पांढरा धूर होतो. तिथे नवं, व्हायटन रबराचं सील मिळालं तर तेच घ्या. धातूच्या भागांना मात्र जुना मालच बरा, असं माझं मत आहे. बंद पडलेल्या एजन्सीच्या माळ्यावर तपकिरी पाकिटात असे तुकडे अजून निघतात, फक्त पार्ट नंबर सांगता आला पाहिजे. त्यासाठी गाडीचं पार्ट्स कॅटलॉग मिळवा.

आणि जुना तुकडा, मोडका का असेना, फेकू नका. इथले मेस्त्री सांगतात, ‘सेंपल धर के आहू, भैया.’ बुश वगैरे असेल तर भनपुरी, उरल्याच्या लेथवर नमुना पाहून नवा काढून देतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याशेजारी राहण्याचा एवढा फायदा आपल्याला आहेच.

इथे नाहीच मिळालं तर पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचं काश्मीरी गेट. पुण्याचा कुणी पाहुणा आझाद हिंद एक्सप्रेसने रायपूरला येणार असेल तर उत्तमच. फोटो पाठवताना तुकड्याशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, नाणं नको. दर वेळी नव्या आकाराचं नाणं निघतं. कुरिअरने मागवलं तर भाडं तुकड्याच्या किमतीपेक्षा जास्त पडेल. म्हणून यादी करून एकदमच मागवा, आणि यादीत हाफ-मून दोन लिहा.